सीतेच्या मागचा दिवा

"पण एक्झिबिशन म्हणजे आता नक्की काय रे, यशवंता?"

यशवंतानं गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली. अठरा वर्षं ह्याच घरात राहून तो कातड्याच्या बाहुल्या नाचवायला शिकला, आणि आज शहरातल्या म्युझियमचा माणूस होऊन दारात आला होता. गुरूला आपण अर्थ सांगायचा, ह्याचं त्याला आतून बरंच वाटलं.

"आबा, एवढा साधा शब्द…"

"साधा खरा. पण दर खेपेला निराळाच होऊन येतो बघ." भिकाआबांनी मांडीवरची बाहुल्यांची पेटी सरळ केली. "मी एवढासा होतो. साहेब आला, माझ्या बापाला म्हणाला, एक्झिबिशन करा. सात रात्री देवळात रामायण झालं. बाया पोरं काखेत घेऊन आल्या. मी समजलो, एक्झिबिशन म्हणजे खेळ."

"हं."

"मग तालुक्याला मला बोलावलं. एका अंगाला जर्सी गाय, दुसऱ्या अंगाला हा एवढाला भोपळा, मधे मी. म्हणाले, दहा मिनिटांत आटपा. रावण मारायचा राहिलाच… पहिला नंबर भोपळ्याचा."

यशवंत हसला. आबा नाही हसले.

"आणि आता?"

"आता काचेची पेटी. खाली तुमच्या नावाची पाटी. कसर नाही, दमट हवा नाही. शंभर वर्षं राहतील बाहुल्या."

"सीता फाटलीय रे."

फाटली बाहुली म्हणजे मेलेलं माणूस, अशी त्यांची रीत. नदीत सोडायची, परत आल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. यशवंतानं स्वतः एकदा मारुतीला सोडलं होतं. दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं त्याला.

तरी तो म्हणाला, "नदीत सोडून काय उरणार, आबा? गेल्या शिमग्याला खेळाला माणसं किती होती?"

"पुजारी होता…"

"बस, एक पुजारी! मग कुणासाठी ठेवताय?"

आबा उठले. दार लावलं, खिडकी लावली. दुपारचं ऊन बाहेर राहिलं. त्यांनी दिवा लावला.

"धर सीता."

यशवंतानं धरली. आबांनी दिवा तिच्या पुढ्यात आणला. काळं, तेलकट कातडं. गळ्यापाशी भोक.

"तुझ्या पेटीत उजेड कुठून पडतो?"

"…पुढून."

आबा दिवा घेऊन तिच्या मागे गेले.

लाल लुगडं पेटल्यासारखं झालं. डोळ्यांत उजेड आला, गळ्याच्या भोकातूनही आला. यशवंताचा हात आपसूक काठीवर वळला. अशोकवनात मान किती झुकवायची, ते बोटांना आठवत होतं. सीता झुकली. त्यानं गायला तोंड उघडलं…

ओवी येईना.

"पुढं?" आबांनी हळूच विचारलं.

दिवा तडतडला. यशवंतानं सीतेची मान पुन्हा एकदा झुकवून पाहिली.

"तुम्ही सांगा ना, आबा. पहिला शब्द तेवढा सांगा."

"मीही शिमग्याला तिथंच अडलो. पुजारी झोपला होता म्हणून निभावलं." आबांचा दिव्याचा हात खाली आला. "तुला येत असेल, ह्या आशेवर बसलो होतो रे…"

मग त्यांनीच दार उघडलं. सीतेला फडक्यात गुंडाळून पेटीत निजवलं. पेटी स्वतः उचलली, यशवंताला हात लावू दिला नाही, आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवली.

काय काय पटवून द्यायचं, ते यशवंत वाटभर जुळवत आला होता. त्यातलं निम्मं बोलायचंच राहिलं. त्यानं गाडी सुरू केली.

आबा खिडकीशी वाकले.

"घरी पोचलास की बाहेरच उभा राहा. बायकोला म्हणावं, डोक्यावरून पाणी घाल. मगच आत जा."