केवडा नसलेली केवडेखाडी

एकदा एक तरुण शिष्य खाडीच्या काठी आपल्या बेपत्ता वडिलांचे क्रियाकर्म करायला बसला होता. काठाने केवड्याची बने होती, म्हणून गावाचे नाव केवडेखाडी. वडिलांचे तारू समुद्रात गेले ते परतलेच नाही. बारा वर्षे वाट पाहून झाली. आता शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, की माणूस गेला असे धरायचे. आई थोडी दूर उभी होती. तिचे कुंकू आज पुसले जाणार होते. शिष्याला तिच्याकडे पाहण्याचा धीर होत नव्हता.

वृद्ध गुरू पुतळा बांधत होते. तेवढ्यात तांदूळ न्यायला आलेला एक दूरदेशीचा व्यापारी तिथेच गावकऱ्यांशी बोलू लागला.

"अहो, तुमच्या गावाची जुळी बहीण आहे समुद्रापार! पूर्वी त्या किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, आता चार झोपड्या दिसतात. मी काही उतरलो नाही, पण वाटाड्या म्हणाला, हे गाव केवडेखाडी. ना तिथे खाडी, ना केवडा. नुसता खडक!"

"आमचं नाव उचललं मेल्यांनी!" गावकरी भडकले.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!" एकाने टोमणा मारला.

गुरूंचे हात थांबले. त्यांनी पुतळ्याची गाठ सोडली, पाने खाडीत टाकून दिली आणि ओरडले, "अरे, साखर आणा रे कुणीतरी! गावभर वाटा!"

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "गुरुजी, ही काय थट्टा? माझ्या बापाचं कार्य आहे हे!"

"थट्टा नव्हे, बाळ! खडकाला केवडेखाडी कोण म्हणेल? तिथे जन्मलेला माणूस म्हणणार नाही. ज्याने हा केवडा हुंगला आहे, तोच म्हणेल. या खाडीतून जाऊन न परतलेलं तारू एकच. त्यातलं कुणीतरी जिवंत त्या किनाऱ्याला लागलं आहे. घरी यायला तारू उरलं नाही, म्हणून त्याने घरालाच तिकडे बोलावून घेतलं!"

शिष्याने विचारले, "पण ते बाबाच असतील कशावरून?"

"नसतीलही. ते कळेपर्यंत अग्नी द्यायची मला घाई नाही. तुला आहे का?"

शिष्याने आईकडे पाहिले. ती रडत होती, हसत होती आणि हाताने त्याला 'जा, जा' म्हणून खुणावत होती. तो धावतच व्यापाऱ्याकडे गेला.

"शेठ, गलबत कधी सुटणार?"

"तांदूळ भरून झाला की."

"मग बाजूला व्हा!" म्हणत त्याने पहिले पोते खांद्यावर घेतले. मघाशी भडकलेले गावकरीही पोती उचलायला धावले.

जगाच्या पाठीवर एकाच नावाची दोन गावे आढळली, तर खरे कोणते यावरून भांडू नये. तिकडे कुणाला तरी इकडची आठवण येत होती, एवढे ओळखावे.