धुंडिराजशास्त्र्यांचा सत्कार

राजाचा लाडका हत्ती चारा खाईना. औषध गजवैद्यकाच्या पोथीत होतं, पोथी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती आणि ग्रंथालयात ती नेमकी कुठं, हे म्हाताऱ्या शास्त्र्यांच्या डोक्यात होतं. तिथून काही बाहेर पडत नसे.

कुठली पोथी कुठं, हे गुरूनं मरताना शिष्याच्या कानात सांगायचं, अशी तिथली थोर परंपरा. एखादा गुरू झोपेतच गेला, की अख्खं दालन मुकं व्हायचं. मग त्या दालनाला गुरूचं नाव देत.

वर राजाच्या आजोबांचा हुकूम : ग्रंथालयात शास्त्र्यांना कुणीही प्रश्न विचारायचा नाही. राजानंसुद्धा!

राजा हट्टी. "हुकूम मोडणार नाही! पोथी मात्र आजच हवी. हत्ती मेला तर माहूत हद्दपार!"

माहुताची मुलगी सगुणा पुढं आली. "मी आणते, महाराज. एक शाल आणि नारळ द्या."

"नारळानं हत्ती तोंड उघडणार?"

"हत्ती नाही, शास्त्री."

ग्रंथालयात सगळे शास्त्री जमले. सगुणानं खणखणीत आवाजात सांगितलं, "आज धुंडिराजशास्त्र्यांचा सत्कार! प्रत्येक पोथीची जागा जाणणारे एकमेव विद्वान!"

धुंडिराजशास्त्र्यांनी खांदा आधीच पुढं केला होता.

"एकमेव?" गदाधरशास्त्री उसळले. "याला स्वतःची पगडी सापडत नाही!"

"जळतोस, गदाधरा!"

"मी? अरे, गजवैद्यकाची पोथी तू अजून वैद्यकाच्या दालनात शोधतोस! ती पाकशास्त्रात आहे, लोणच्यांच्या मागं!"

"होती! वाळवी लागली म्हणून मीच हलवली. ज्योतिषाच्या कपाटात, वरच्या फळीवर, हिरव्या रुमालात बांधून!"

"ज्योतिषाचं कपाट माझं!" गदाधरशास्त्री किंचाळले. "कुणाला विचारून ठेवलीस?"

"तुला विचारायला बंदी आहे!"

सगुणा तोवर शिडीवर चढली होती.

संध्याकाळी हत्तीनं ऊस मागून घेतला. राजानं सगुणाला बोलावलं. "एकही प्रश्न न विचारता हे बोलतील, हे तुला कसं कळलं गं?"

"महाराज, विचारलं की यांना मौन आठवतं. पण शेजाऱ्याच्या अंगावर शाल पडताना गप्प बसलेला शास्त्री तुम्ही पाहिलाय?"

"नाही बुवा! बरं, बक्षीस माग."

"बाबांची नोकरी कायम राहू दे. आणि दर आठवड्याला एक सत्कार ठेवा."

"कुणाचा?"

"कुणाचाही चालेल. अजून पुष्कळ पोथ्या सापडायच्यात."

राजा पोट धरधरून हसला आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या त्यानं तिच्या हातात दिल्या.