काठावरचा पहिला टाका

कारवारकडच्या जंगलातले सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. त्यांच्यातल्या सान्तानबाईची गोधडी दलालाने नेली आणि तिच्यावरून मिलानच्या बड्या कंपनीने महागडे कोट काढले. सान्तानबाईची लेक कॅतरिन दाद मागायला गेली, तर वकिलांसमोर मालक म्हणाला, "ही गोधडी मी स्वतः शिवलीय. तुमच्या जंगलात डिझायनर कुठले?"

"मग साहेब, पहिला टाका कुठे घातलात?"

"मधोमध. आणखी कुठे?"

कॅतरिनने गोधडी उलटून दाखवली. पहिली गाठ काठाला होती, शेवटची मधोमध.

"आम्ही काठावरून आत शिवत येतो, साहेब. जन्मभर मधोमध बसलेल्याला ते कसं ठाऊक असणार?"

मालकाचं खोटं उघडं पडलं. नमुन्याची मालकी सिद्दी बायांना मिळाली, कोटांवर सान्तानबाईचं नाव आलं. ते बघायला ती उरली नव्हती. त्याआधी तिचं नाव एकदाच कुठे लिहिलं गेलं होतं, तिच्या थडग्यावरच्या क्रुसावर.