सात सकाळींचा अर्ज

विषय : मंडळीच्या वडिलाचे पद स्वीकारण्यापूर्वी देवाची संमती घेणेबाबत.

संदर्भ : पुष्कळ वर्षांपूर्वी नदीच्या वळणावरच्या एका गावात घडलेली हकीकत. नदीचे नाव आता कोणाला आठवत नाही, सबब येथे दिलेले नाही.

त्या गावात काळ्या दगडाचे एक चर्च होते आणि तिथल्या मंडळीला एक वडील असे. वडील म्हणजे वयाने मोठा माणूस नव्हे. मंडळीने निवडलेला जबाबदार माणूस. त्याचे मुख्य काम एकच. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सर्वांनी मिळून भाकर घेण्याच्या विधीच्या, आदल्या संध्याकाळी त्याने चर्चच्या पायरीवर बसायचे. ज्यांची आपसांत भांडणे असत ते येत, त्याच्यासमोर बोलत, आणि समेट झाला की दुसऱ्या दिवशी एका बाकावर बसून भाकर घेत. मनात अढी ठेवून भाकरीला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

जुने वडील वारले आणि मंडळीने शांतवनला निवडले. शांतवन धान्यकोठारावरचा कारकून. अक्षर वळणदार, आवाज खणखणीत आणि मते भरपूर.

चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, त्याला म्हणाले, "शांतवनराव, रिवाज ठाऊक आहे ना? सात सकाळी एकट्यानं प्रार्थनेत बसायचं. आठव्या दिवशी हो की नाही ते सांगायचं. नाही म्हणालात तरी कोणी कमी लेखणार नाही."

शांतवनने मान डोलावली आणि घरी जाता जाता शिंप्याकडे पांढऱ्या कोटाचे माप दिले.

पहिल्या सकाळी त्याने गुडघे टेकून देवाला अर्ज वाचून दाखवला. त्यात स्वतःची पात्रता अकरा मुद्द्यांत मांडली होती. पुढचे दोन दिवस मुद्द्यांच्या खुलाशात गेले. चौथ्या दिवसापासून तो नियोजित सुधारणा सांगू लागला : घंटा लवकर व्हावी, बाके भिंतीपासून हातभर पुढे घ्यावीत, पाळकांनी प्रवचन आटोपशीर करावे. सातव्या सकाळी आमेन म्हणून तो ताडकन उठला.

त्याची बायको सत्वशीला भाकऱ्या थापत होती. तिने विचारले, "काय म्हणाला देव?"

"काही हरकत घेतली नाही."

"अहो, पण हरकत घ्यायला तुम्ही थांबलात कुठं?"

शांतवनने कोट अंगात घालून पाहिला. छान बसला होता.

महिन्याच्या अखेरीस तो पायरीवर बसला. सुगंधा आणि करुणा या दोघी बहिणी आल्या. आईने आपल्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी धाकट्या करुणेने ठेवून घेतली होती, आणि त्यावरून तीन वर्षे दोघींत बोलणे नव्हते. गाव या दिवसाची वाट पाहत होता.

सुगंधाने पदर सावरला. "वडील, त्या गोधडीचं असं आहे..."

"मला सगळं माहीत आहे," शांतवन म्हणाला. "थोरलीचा मान पहिला. गोधडी सुगंधाबाईंना द्यावी. झाला निकाल. पुढचे कोण?"

करुणा उठून गेली. अंधार पडायच्या आत तिने गोधडी बहिणीच्या उंबऱ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला दोघीही आल्या नाहीत.

शांतवन सुगंधाच्या घरी विचारायला गेला. ती शांतपणे म्हणाली, "मला गोधडी नको होती. 'तुझ्याकडेच राहू दे, माझंच चुकलं,' एवढं करुणेला म्हणायला तीन वर्षं लागली मला. तुम्हाला निकाल द्यायला किती लागलं, वडील?"

शांतवन तिथून थेट पाळकांकडे गेला. "मी तर सात दिवस प्रार्थना केली होती," तो म्हणाला.

"त्या सात दिवसांत तुम्ही देवाला काय सांगितलंत?"

"सगळं."

"आणि त्यानं तुम्हाला?"

शांतवन म्हणाला, "त्याला बोलायला मिळालंच नाही. पद परत देऊ का?"

"ते मला कशाला विचारता? ज्याला विचारायचं राहिलं त्याला विचारा."

शांतवन पुन्हा सात सकाळी बसला. या वेळी हातात कागद नव्हता. पहिले दोन दिवस गप्प बसणे त्याला फार जड गेले. मग थोडे कमी जड गेले. पाचव्या सकाळी तो उठला आणि करुणेच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. ती त्याला पुष्कळ बोलली. त्याने ऐकून घेतले. दुपार कलल्यावर तिचा आवाज उतरला, आणि तिने विचारले, "ताई काय सांगायला आली होती तेव्हा?"

"ते तिच्याच तोंडून ऐक," शांतवन म्हणाला. "मी मध्ये बोलणार नाही."

पुढच्या प्रभुभोजनाला दोघी बहिणी एका बाकावर बसल्या. मध्ये वीतभर जागा होती, पण बाक एकच होता.

त्याआधी, या दुसऱ्या सात सकाळी संपल्यावर आठव्या दिवशी पाळकांनी विचारले होते, "मग, हो की नाही?"

शांतवन म्हणाला, "अजून उत्तर आलेलं नाही. मुदत वाढवून मिळावी."

रिवाजात मुदतवाढीची तरतूद नव्हती. पाळकांनी ती दिली.

तात्पर्य : देवाचे काम हाती घेण्याआधी देवाला विचारावे, आणि विचारल्यावर उत्तर ऐकू येईल इतका वेळ गप्प बसावे.

शांतवन पुढेही रोज सकाळी चर्चमध्ये जाऊन बसत राहिला. पांढरा कोट घडी करून ठेवलेलाच होता. अर्ज प्रलंबित राहिला.