लाल फळांचे वळण

फार पूर्वी, इथून खूप दूर, निळसर धुक्याच्या डोंगरांत चेरोकी नावाचे लोक राहत. तिथले रान, धबधबे आणि त्या लोकांच्या बांबूच्या टोपल्या बघायला लांबलांबून पाहुणे येत.

असाच एकदा शहरातला एक घड्याळजी आपल्या लहान मुलीला घेऊन आला. मुलीला आई नव्हती, त्यामुळे याचा जीव सदा टांगणीला. छत्र्यासुद्धा दोन आणलेल्या, एक काळी, एक लाल. "असू दे हाताशी," असे तो म्हणायचा आणि मुलगी हसायची.

एका चेरोकी आजीकडे ते उतरले. पोरगी ओढ्यात खेळली, रानभर हिंडली, आणि एके सकाळी तापाने फणफणली.

आजीने कपाळाला हात लावून पाहिला. वरच्या उतारावर लाल फळांच्या रोपाची एक मुळी मिळते, तिच्या काढ्याने ताप उतरतो, असे तिने सांगितले. तिचे गुडघे आता चढू देत नव्हते. घड्याळजी लगेच निघाला, तशी ती म्हणाली, "थांब, आमची रीत ऐकून जा. पहिलं रोप दिसेल, त्याला हात लावायचा नाही. त्याची विचारपूस करायची आणि पुढे जायचं. पुढे आणखी दिसली, तर त्यातलं एक घे. आणि त्याची फळं त्याच खड्ड्यात पेरून ये."

"आणि पुढे नाहीच दिसली तर, आजी?"

"तर ते एकटंच आहे. त्याला राहू दे. आपण दुसरं औषध बघू. मी बसलेय ना पोरीजवळ."

वाट दुभागली त्या वळणावरच त्याला रोप दिसले. हिरव्या पानांत लाल फळांचा घोस. त्याचे पाय थबकले. पुढे नाही मिळाले तर? पोरीचे सुकलेले ओठ त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात. मग त्याने स्वतःची समजूत घातली. घेत नाही आपण, नुसते हाताशी ठेवतो. पुढे मिळाले की हे परत इथेच लावू.

त्याने ते मुळासकट उपटले आणि पिशवीत घातले.

थोडे पुढे गेला, तर सगळा उतार त्याच रोपांनी भरलेला. त्याने एक खणले, त्याची फळे पेरली आणि पहिले रोप लावायला माघारी फिरला.

पण ते वळण सापडेना. खाली धुके उतरले होते. जिकडे बघावे तिकडे तेच ओक, तीच वाट. त्या वळणाची एकच खूण त्याच्या ध्यानात होती, ती लाल फळे. आणि ती तर त्याच्या पिशवीत होती.

तो इकडे धावला, तिकडे धावला. हाका मारून घसा बसला. औषध खांद्यावर, पोर तापात, आणि मधली वाट हरवलेली. दिवस कलला तसे त्याला रडूच कोसळले.

तेवढ्यात धुक्यातून काठीचा आवाज आला. पोरीला शेजारणीच्या स्वाधीन करून आजीच चढून आली होती. त्याच्या हाकेच्या रोखाने ती येत होती खरी, पण तिची नजर जमिनीवर काहीतरी शोधत होती.

"वळण इथेच कुठेतरी होतं," ती पुटपुटली. "लाल फळांचं रोप असायचं. लहानपणी आम्ही त्यालाच बघून घराकडे वळायचो."

घड्याळजीने पिशवी उघडली. रोप मलूल झाले होते.

आजी रागावली नाही. तिने ते ओंजळीत घेतले. "तुझ्यासाठीच उभं होतं रे ते," एवढेच म्हणाली. मग काठीने चाचपत, चुकत, दमत तिने त्याला खाली आणले.

काढा पोरीच्या पोटात गेला तो संध्याकाळी. दिवसभर तिने "बाबा, बाबा" केले होते, असे शेजारणीने सांगितले. ताप उतरेपर्यंत तो उशाशी बसून राहिला.

पोरगी बरी झाल्यावर तिघे उपटल्याचा खड्डा शोधत सावकाश वळणावर गेले. उपटलेले रोप वाळले होते. त्यांनी त्याची फळे तिथे पेरली.

"परत कधी येईल हे?" पोरीने विचारले.

"तू मोठी होशील तेव्हा," आजी म्हणाली.

"मग तोवर लोकांना वळण कसं कळणार?"

घड्याळजीने आपली लाल छत्री उघडली आणि त्या वळणावर घट्ट रोवली.

तात्पर्य: भीतीपोटी 'हाताशी असू दे' म्हणून जे उपटून घ्यावे, ती कोणाच्या तरी घरच्या वाटेची खूण असते, कधी कधी आपल्याच.