चार तुकडे, एकच हात

"एका सहीला एवढा विचार कसला, उस्ताद?"

हा सुयश घाटगे. आमच्या आयटीआयमधल्या विद्यार्थी कौशल्य मंडळाचा अध्यक्ष. उद्या कारखान्यात मुलाखत, आणि हातात 'उत्तम नेतृत्व' असं लिहिलेलं पत्र. त्यावर फिटरचं काम शिकवणाऱ्या मुजावर उस्तादांची सही हवी होती. मी स्टोअर सांभाळणारा, तिथल्या खिडकीतून बघत होतो. पोरगं हुशार, पण तोरा काय विचारता!

मागं दाराशी मंडळातली वैजयंता उभी होती. आत ये म्हणून तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

"मंडळानं केलं काय?" उस्तादांनी विचारलं.

"जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला नंबर! चौघांचे चारही जॉब एकदम फिट्ट!"

हे जॉब, म्हणजे कानशीनं घासून केलेले लोखंडाचे चार चौकोन, त्यानं टेबलावर मांडले. उस्तादांनी एकेक उचलून उजेडात तिरका धरला...

"सुयश, तू डावखुरा ना?"

"हो."

"आणि ही चौघं?"

अरे देवा! मी वाकून बघितलं. चौघंही उजव्या हाताची, पण चारही तुकड्यांवर कानशीच्या रेघा उलट्या, डाव्या हाताच्या. चहा माझ्या हातात तसाच राहिला.

पोरगं पांढरंफटक पडलं.

"वैजयंता म्हणत होती, वेळ दे, जमेल मला," तो पुटपुटला. "पण तिच्या तुकड्याचा कोपरा काटकोनात येईना. मंडळाची अब्रू गेली असती. म्हटलं, सोड, मी करून देतो. मग बाकीच्यांचेही..."

उस्ताद रागावले नाहीत. मला तर त्याचीच भीती वाटली. त्यांनी एक नवा तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि कानस सुयशच्या हातात दिली.

"उजव्या हातानं घास."

कानस घसरली. पुन्हा घसरली. अध्यक्षसाहेब घामानं निथळले, आणि कोपरा पार गोल झाला.

उस्तादांनी कानस काढून घेतली.

"सोड, मी करून देतो."

"नको!" सुयश ओरडलाच. "वेळ द्या ना उस्ताद, जमेल मला!"

आणि बोलता बोलता तो थिजला. स्वतःचे शब्द ऐकून त्यानं तोंडावर हात धरला. सांगतो ना, माझ्याही अंगावर काटा आला.

पत्र सहीविना तसंच पडलं होतं. उस्तादांनी दाराकडं बघितलं.

"ती अजून तिथंच उभी आहे, सुयश... तिला काय सांगू?"