मापट्यावरची शीग

"...म्हणजे एका मापट्यात नेमके किती ग्रॅम तांदूळ बसतात, हे शोधून काढलं की तुम्ही मला मंत्र द्याल? नक्की?"

"माप कळलं की देईन म्हणालो," भानुबुवा शेंगा सोलत म्हणाले.

शार्दूलला तेवढं पुरे होतं. या मंत्रासाठी तर तो परदेशातली नोकरी सोडून खिंडीतल्या मठात येऊन राहिला होता. उद्या भंडारा. घरटी एक मापटं तांदूळ यायचा आणि दरवर्षी भाताचा अंदाज चुकायचा. कधी भात चिकट, कधी कच्चा. मापट्यांचे किलो करता आले, की पाणी नेमकं घालता येणार होतं!

तो काटा घेऊन कोठीत शिरला. नवा तांदूळ तोलला, जुना तोलला. मापटं ठोकून भरलं, न ठोकता भरलं. आकडा हाती लागेना. मग एकदम सुचलं. मापटं अलगद भरायचं आणि वरून पट्टी फिरवून सपाट करायचं!

तोलला... पुन्हा तोलला... तोच आकडा!

काटा कवटाळून तो अंगणात धावत आला. "बुवा, सापडलं! नव्याचा वेगळा, जुन्याचा वेगळा, पण दोन्ही पक्के! पट्टी फिरवायची, बस्स!"

बुवांनी आकडे ऐकून घेतले. "बरोबर आहेत. हंड्यापाशी लिहून ठेव."

"आणि मंत्र?"

"दारात सरूआक्का आलीये. आधी तिचं मापटं घे."

सरूआक्का खालच्या वाडीची. तिने पिशवीचं तोंड मोकळं केलं आणि शार्दूलने धरलेल्या मापट्यात तांदूळ ओतू लागली. "लाभ!" ती म्हणाली. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही तिकडची रीत.

मापटं काठोकाठ भरलं. आक्काचा हात थांबेना. वर शीग चढली, देवळाच्या कळसासारखी निमुळती. दाणे घरंगळू लागले.

शार्दूलने सर्रकन पट्टी फिरवली. शीग तिच्या पिशवीत.

"हे जास्तीचं, आक्का. तुमचं तुम्हाला."

आक्का पिशवीकडे बघत राहिली...

"मी काय दुकानात आले व्हय रे?"

"अहो, मापाच्या वर होतं ते..."

तिने पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि तोंड फिरवून पायऱ्या उतरू लागली.

शार्दूलने बुवांकडे पाहिलं. बुवा उठले. मापटं त्यांनी काट्याच्या परातीत पालथं केलं, वर पिशवीतला तांदूळही ओतला.

"वजन?"

शार्दूलने सांगितलं.

"आता यातली शीग वेगळी काढ."

शार्दूलने हात पुढे केला. परातीत तांदूळ पसरला होता. हा दाणा? की तो? बोटं तांदळावर तरंगत राहिली...

आणि तो खदखदून हसला. परात पिशवीत रिकामी केली, पिशवी आणि रिकामं मापटं उचललं आणि पायऱ्यांवरून धूम ठोकली.

"आक्का! ओ आक्का! थांबा! पुन्हा ओता!"

"पट्टी कुठाय तुझी?"

"टाकली!"

"टाकलीस, का ठेवलीस?"

"टाकली हो! ओता ना!"

आक्काने डोळे बारीक करून त्याला न्याहाळलं. मग त्याच्या हातातली पिशवी घेऊन तिरपी केली.

"लाभ!" तिच्या आधी तोच ओरडला.

मापटं भरलं. शीग चढली. दाणे त्याच्या बोटांवरून ओघळून अनवाणी पायांवर पडू लागले, तरी त्याने मापटं हलवलं नाही. आक्का आता हसत होती. तिने पिशवी झटकून शेवटचा दाणाही वर टाकला.

"बुवा!" तो खालून ओरडला. "बघा तरी केवढी चढली! तोलून सांगू का?"

बुवा पुन्हा शेंगा सोलायला बसले होते.

"तोललंस, तर दिलेला मंत्र परत घेईन."